हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की अब्बांची लगबग सुरू व्हायची. इस्त्रीचा सदरा घालायचा, पेन्शनचे कागद पिशवीत टाकायचे आणि सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं. २०१४ पासून हा दाखला अंगठा लावून संगणकावर द्यायची सोय झाली. पण अब्बांच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या की यंत्र त्यांना ओळखायचंच नाही. मग साहेबासमोर उभं राहून सही. घरी आले की अम्मीला म्हणायचे, "सरकारनं मान्य केलं, मी अजून आहे."

गेल्या उन्हाळ्यात अब्बा गेले. यंदाचा नोव्हेंबर त्यांच्याशिवाय गेला.

कागदावर त्यांची जन्मतारीख १ जून. त्या काळी मास्तरांनी निम्म्या गावाला हीच तारीख लावलेली. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, पाऊस रुसलेला मुलूख. दोन भाऊ आणि थोडी कोरडवाहू जमीन. बडे अब्बांनी नांगर धरला आणि १९६८ साली अब्बा भरतीच्या रांगेत उभे राहिले. निवड झाली ती खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे लष्कराचा इंजिनिअर जवान. पूल बांधणं, रस्ता करणं, सुरुंग पेरणं आणि सुरुंग काढणं, हे त्याचं काम. फौज पुढे सरकायची तर आधी वाट मोकळी करायला सॅपर हवा. त्यांच्या कोअरचं बोधवाक्य आहे 'सर्वत्र'. अब्बांना हा शब्द फार आवडायचा.

१९७१ च्या लढाईत ते पंजाबच्या सरहद्दीवर होते. त्यांनी तिथल्या लढाईच्या गोष्टी कधी रंगवून सांगितल्या नाहीत. बोलायचे ते लढाईनंतरच्या महिन्यांबद्दल. १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर युद्धबंदी झाली, तोफा थांबल्या, पण जमिनीतले सुरुंग तसेच होते. गव्हाच्या शेतांत, ओढ्याच्या काठांना. शेतकरी परतायला लागले होते, त्यांना पेरायचं होतं. सॅपर पोटावर पालथा पडायचा आणि लोखंडी सळई तिरकी धरून इंच इंच माती टोचत जायचा. सरळ टोचली तर सुरुंगाच्या डोक्यावरच दाब पडणार. कुठे काय पुरलंय त्याचे नकाशे असायचे, पण पावसानं माती वाहिली की सुरुंगही जागा सोडायचे. जेवढी वाट साफ होईल तिच्या दोन्ही कडांना पांढरी फीत बांधायची. फितीच्या आत माणूस निर्धास्त चालू शकतो.

माझी मुलगी लहानपणी त्यांना विचारायची, "नाना, तुम्ही किती दुश्मन मारले?" ते म्हणायचे, "मारल्याचा हिशेब माझ्याकडे नाही बेटा. काढलेल्यांचा आहे." आणि मग अंगणात पांढऱ्या दोऱ्यानं वाट आखून तिला तिच्यातून चालायला लावायचे.

अब्बांचं आमच्यावरचं प्रेम बराच काळ पत्रांतूनच यायचं. पत्त्यात गाव नाही, नुसतं 'मार्फत ५६ एपीओ'. अम्मीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमनकाका ओट्यावर बसून पत्र मोठ्यानं वाचायचे. म्हणजे अब्बांना मनातलं काही लिहायची सोयच नाही. म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, पोरगी शाळेत जाते का, एवढंच. मग दोन महिन्यांच्या सुट्टीत त्यांनी पाटी आणली आणि अम्मीला बाराखडी शिकवायला बसले. दारावरून जाणाऱ्या बायका हसायच्या. पुढच्या सुट्टीपर्यंत अम्मी पत्र स्वतः वाचायला लागली होती. त्यानंतर आलेली पत्रं तिनं आम्हाला कधी दाखवली नाहीत.

१९९० साली हवालदार म्हणून ते घरी आले आणि एका बँकेत रखवालदार झाले. त्या पगारावर मी शिकले. भावकीतले म्हणायचे, पोरीला एवढं कशाला? अब्बा वाद घालायचे नाहीत. शनिवारी वसतिगृहावर यायचे, डबा द्यायचे आणि परतीची एसटी धरायचे.

लग्नानंतर, २००३ साली, आम्ही पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो. मला सहावा महिना होता. एक फ्लॅट पसंत पडला, बोलणी झाली, आणि मग नाव विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशी एजंट म्हणाला, "मालक नाही म्हणतात." त्याला आमची दया आली असावी. हळूच म्हणाला, "वडील फौजी होते ना? त्यांची मेडलं, कागद घेऊन या. मी पुन्हा बोलून बघतो."

अब्बा तेव्हा आमच्याकडेच आले होते. मी त्यांना सांगितलं. १९७१ चं संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार, दोन्ही घरी पेटीत होती. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तमगे दिखाके घर नको लेना, बेटी."

मी चिडले. म्हटलं, "खोटं थोडंच दाखवतोय आपण?"

"खोटं नाही," ते म्हणाले. "पण माझा भाऊ जन्मभर शेतात राबला. त्याच्याकडे मेडल नाही. उद्या त्याच्या घरचं पोर इथं आलं तर ते काय दाखवेल? आज मी दाखवलं, तर उद्या त्याच्याकडेही मागतील."

आम्हाला घर मिळायला आणखी तीन महिने गेले. तोवर एका खोलीत दिवस काढले, मुलगी तिथेच झाली. माझ्या नवऱ्याला आजही वाटतं, कागद दाखवायला काही हरकत नव्हती, गरज मोठी होती. मला त्याचंही चुकीचं वाटत नाही. अब्बा सरकारला दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचे, कारण पेन्शनसाठी तो सगळ्याच पेन्शनरांना द्यावा लागतो. पण जो दाखला फक्त काहीजणांकडूनच मागितला जातो, तो त्यांनी दिला नाही.

मयतीच्या दिवशी तालुक्यातले माजी सैनिक आले. शिंदेमामा, जाधवमामा अशी अब्बांच्या बरोबरीची म्हातारी माणसं. जनाज्याला त्यांनीही खांदा दिला. माती देऊन झाल्यावर ते एका ओळीत उभे राहिले आणि सलाम केला. कुणी भाषण केलं नाही.

मागच्या महिन्यात बडे अब्बांचा नातू नोकरीसाठी पुण्यात आला. हुशार पोरगा आहे, पगार बरा आहे. नाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली नाकारली गेली. त्यानं मला फोन केला तेव्हा तो रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. त्याच्याकडे दाखवायला काही नाही. शेतकऱ्याचा नातू, कामाला जाणारा एक तरुण, एवढंच. त्या दिवशी अब्बांच्या डोळ्यांपुढे हाच मुलगा होता, तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

तो सध्या आमच्याकडे राहतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्याच्यासाठी खोली बघायला जातो. आधी त्याचं नाव सांगतो, मग भाडं विचारतो.