आजोबांची .315 आणि माझे बंद डोळे

आमच्या देवासजवळच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली फक्त आजोबांच्या जानव्याला असायची. कपाटात .315 ची स्पोर्टिंग रायफल. परवाना पीक-संरक्षणाचा. हरभरा भरायला लागला की माळव्यात रोजडे, म्हणजे नीलगाई, कळपाने शेतात उतरतात आणि एका रात्रीत अर्धा एकर साफ करतात. 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंदच होती, आणि आजोबांनी त्याआधीही नीलगाईवर कधी गोळी झाडली नव्हती. ते विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मातीच्या ढिगात एक गोळी घालायचे. आवाजाने कळप पळायचा. आकाशात गोळी झाडणाऱ्यांचा त्यांना भारी राग. "वर गेलेली गोळी खाली कुणाच्या डोक्यावर येते ते झाडणाऱ्याला ठाऊक नसतं," असं म्हणायचे.

ही रायफल बघितली तर कोणीही म्हणेल, ही तर .303. बोल्ट तोच, घडण तीच. आजोबा मराठा रेजिमेंटमधून इटलीच्या लढाईत .303 घेऊन फिरले होते, त्यामुळे त्यांना ती हातात घेतली की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटे. फरक कॅलिबरचा. ब्रिटिशांनी सैन्याच्या कॅलिबरची रायफल नागरिकांच्या हाती नको म्हणून नियम केले, आणि म्हणून हिंदुस्थानात .315 चं काडतूस रुजलं. आपल्या आयुध निर्माणीनेही पुढे तीच परंपरा चालवली. आजही .303 ची रायफल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही.

हे सगळं लिहायचं कारण 1986 साल. मी तेव्हा अकरावीत होतो, अशाच एका लष्करी शाळेत.

शाळेच्या छोट्या रेंजवर मी .22 चांगली चालवायचो. पंचवीस यार्डांवर माझ्या पाच गोळ्यांचा ग्रुप एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाई. उस्ताद इतर पोरांना माझं टार्गेट दाखवायचे. सप्टेंबरच्या कॅम्पमध्ये आम्हाला पहिल्यांदा .303 मिळाली आणि मी फार खुशीत फायरिंग पॉइंटवर आडवा झालो. .22 च्या सवयीने बट खांद्याच्या खोबणीत नीट कसून धरली नव्हती, ती थोडी बाहेर, दंडाच्या हाडावर टेकलेली. पहिली गोळी सुटली आणि हाडावर कुणी हातोडा मारावा तसं झालं. कानात शिट्टी. त्यानंतरच्या चारही गोळ्या टार्गेटच्या खालच्या मातीत गेल्या.

मी उस्तादांना सांगितलं, "साइट बिघडलीय."

उस्तादांनी काही न बोलता तीच रायफल घेतली आणि पाच गोळ्या मधोमध घातल्या. तरीही मी शब्द मागे घेतला नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, तेही अशा शाळेत, "मला भीती वाटली" हे चार लोकांत म्हणणं फार अवघड असतं. आजच्या कॅडेट्सनाही ते सोपं नसावं.

त्या संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर उस्तादांनी मला थांबवून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाठ करून रायफल भरली, बोल्ट लावला आणि माझ्या हातात दिली. "शिस्त ले. साँस रोक. दबा." मी ट्रिगर दाबला. खट्. आत ड्रिल काडतूस होतं, बिनबारुदाचं. धक्का नाही, आवाज नाही, आणि रायफलीचं तोंड मात्र वीतभर खाली गेलं. माझ्याच हातांनी ते ढकललं होतं. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले. असं त्यांनी सहा वेळा केलं, कधी खरं काडतूस, कधी खोटं, मला न सांगता. खोट्याच्या वेळी प्रत्येकदा तोंड खाली.

"साइट ठीक है ना?" एवढंच विचारलं त्यांनी. मी मान डोलावली. त्यांनी ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर सांगितली असती की काय, असं मला पुढे अनेकदा वाटलं आहे.

या प्रकाराचा हिशेब मी नंतर भौतिकशास्त्राच्या वहीत मांडला, तो इथे देतो, कारण अकरावीच्या मुलांना तो लगेच पटेल. .303 ची मार्क 7 गोळी 174 ग्रेनची, म्हणजे सुमारे 11.3 ग्रॅम, आणि तोंडाशी तिचा वेग सेकंदाला 744 मीटर. संवेग झाला 8.4. रायफल सुमारे 4 किलोची धरली तर ती 2.1 मीटर वेगाने मागे येणार. .22 ची गोळी 2.6 ग्रॅमची, वेग 330 च्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या रायफलीतून झाडली तर मागचा वेग 0.21. दहापट कमी. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, म्हणून खांद्यावर येणारा मार शंभरपट कमी. (बाहेर पडणाऱ्या वायूचा धक्का यात धरलेला नाही. .303 मध्ये बारूद बरीच जास्त असल्याने खरा फरक याहून मोठाच निघतो.)

दुसरा आकडा मला जास्त चकित करून गेला. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे येते ती जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे खांद्याला जो मार लागतो, तो बहुतेक सगळा गोळी निघून गेल्यावर. त्या धक्क्याने नेम चुकत नाही. माझा नेम चुकत होता तो धक्का यायच्या आधी मी जे करत होतो त्याने.

उस्तादांचा उपाय कोतमध्ये पडून होता. .303 च्याच जुन्या रायफली, पण .22 मध्ये बदललेल्या. ब्रिटिश सैन्याने प्रशिक्षणासाठी अशा हजारो करून घेतल्या होत्या. काहींची नळी नवी घातली, काहींची जुनीच नळी आतून मोठी करून त्यात .22 ची बारीक नळी बसवली. बोल्टचं डोकं बदललं, कारण .303 च्या काडतुसाला फायरिंग पिन मध्यभागी मारते आणि .22 ला कडेवर मारावी लागते. मॅगझिनची पेटी तशीच ठेवली, पण आतून रिकामी. गोळी एकेक करून हाताने भरायची आणि पुंगळी त्या पेटीत पडायची. बाकी वजन, बट, साइट, ट्रिगर सगळं मोठ्या रायफलीचं. शरीराला वाटतं .303 हातात आहे, खांद्याला कळतं की नाही.

दिवाळीपर्यंत मी रोज त्या रायफलीवर होतो. पाच .22 च्या, मग एक .303 ची, पुन्हा पाच .22 च्या. डोळे उघडे राहू लागले, पण खात्री नव्हती. जानेवारीत आंतरशालेय स्पर्धा होती आणि संघाची निवड डिसेंबरात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर आजोबा म्हणाले, "चल, इंदूरला जायचंय. रायफल दाखवायची आहे." सोबत परवान्याचं पुस्तक, रायफल कापडी खोळीत, एसटीच्या पुढच्या बाकावर आम्ही दोघं. शस्त्रांच्या दुकानात एक म्हातारे मिस्त्री होते, डोळ्याला भिंग लावून काम करणारे. आजोबांनी रायफल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चाचा, इसको छोटे कॅलिबर में करना है. नाती के लिए. लड़के से धक्का सहा नहीं जाता."

मी चमकलो. माझ्या कॅम्पची गोष्ट आजोबांना माहीत असणं शक्य नव्हतं. मग त्यांच्याकडे पाहिलं. खोळ सोडताना ते उजवा हात छातीच्या वर नेतच नव्हते. दोन वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडून खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ते जुळलं असं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

मिस्त्रींनी रायफल उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि सांगू लागले. लोकांना वाटतं नळी बदलली की कॅलिबर बदललं. तसं नसतं. नवं काडतूस जाडीला वेगळं, कडा वेगळी, म्हणून बोल्टचं तोंड बदला. पुंगळी ओढून काढणारी आकडी बदला. मॅगझिन नव्या काडतुसाला वर सारत नाही, ते बदला. गोळीची झेप वेगळी, म्हणून साइट पुन्हा बसवा. आणि सगळं झाल्यावर जास्त दाबाचं काडतूस झाडून नळीची कसोटी घ्यायला हवी, ती सोय माझ्या दुकानात नाही. "और सबसे पहले," त्यांनी परवान्याच्या पुस्तकावर बोट ठेवलं, "इसमें .315 लिखा है." पुस्तकात रायफलीचा नंबर आणि कॅलिबर दोन्ही नोंदलेलं. शस्त्र कायद्यात शस्त्राचं रूपांतर हा बनवण्याइतकाच गंभीर विषय आहे. परवान्याशिवाय करणारा आणि करून घेणारा दोघेही आत. "बच्चे के लिए तो वैसे भी नहीं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मी नजर खाली केली, जणू खरंच माझ्यासाठीच चाललं होतं.

शेवटी बटाच्या मागे रबरी पॅड बसवायचं ठरलं. त्यालाही कसब लागतं. पॅडच्या जाडीइतकं लाकूड मागून कापावं लागतं, नाहीतर बट लांब होते आणि गाल जागेवर बसत नाही. रबराने धक्क्याचा संवेग तसूभरही कमी होत नाही, तो फक्त थोडा जास्त वेळ घेऊन येतो. पण थोडा जास्त वेळ म्हणजेच कमी जोर. मिस्त्रींनी आजोबांना रायफल खांद्याला लावायला सांगितली, माप घ्यायला. आजोबांनी लावली. मिस्त्रींचा हात मोजपट्टीवर क्षणभर थांबला. त्यांनी मला नाही, आजोबांना माप घ्यायला बोलावलं होतं, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. त्यांना पहिल्यापासून कळलं असणार.

परतीच्या एसटीत मी आजोबांना सांगितलं की कॅम्पमध्ये माझे डोळे मिटत होते आणि मी साइटला दोष दिला. खिडकीबाहेर बघत त्यांनी ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुझ्या आजीला खांद्याचं सांगू नकोस. ती कपाटाची किल्ली काढून घेईल."

मी सांगितलं नाही. तिने किल्ली काढून घेतली नाही, पण पुढच्या हंगामाआधी आजोबांनीच रायफल विक्रेत्याकडे रीतसर जमा केली आणि शेताला काटेरी कुंपण घातलं. रोजडे कुंपणावरून उडी मारतात हे वेगळं.

स्पर्धेच्या संघात माझी निवड राखीव म्हणून झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं, असं घरी लिहिलेल्या पत्रात दिसतं. आता ते वाचून हसू येतं.

फेब्रुवारीत शाळेच्या वार्षिक दिनाला आजोबा आले, धोतर, काळा कोट आणि छातीवर पदकं. त्या दिवशी पालकांना रेंजवर पाच-पाच गोळ्या झाडू देत असत. उस्तादांनी आजोबांची पदकं पाहिली, सॅल्यूट ठोकला आणि इतरांना दिलेली साधी .22 बाजूला ठेवून कोतमधली ती रूपांतरित .303 मागवली. आजोबांनी ती हातात घेतली, वजन तोललं, बोल्ट ओढला आणि आत बघून म्हणाले, "अरे, ही तर आपली."

चटईवर आडवं व्हायला त्यांना वेळ लागला. मी आधार द्यायला गेलो तर हाताने दूर केलं. बट खांद्यात कसली. मी डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलो होतो आणि त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी शिस्त घेतली, श्वास धरला, आणि गोळी सुटायच्या आधीच त्यांचे डोळे मिटले. रायफलीचं तोंड किंचित खाली गेलं. .22 चा तो बारीक फटका झाला आणि आजोबा तसेच, येणाऱ्या धक्क्याची वाट पाहत. तो आलाच नाही.

मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. "साहब, आराम से," ते म्हणाले. "अभी चार बाकी हैं."

दुसरी गोळी पुन्हा खाली. तिसरी कुठे गेली ते मला दिसलं नाही. चौथ्या आणि पाचव्याला डोळे उघडे होते.

आजोबा उठून बसले. बोल्ट मागे ओढून रायफल खाली असल्याची खात्री केली. मग मॅगझिनच्या पेटीत बोटं घालून एकेक पुंगळी बाहेर काढली, मोजली आणि उस्तादांच्या तळहातावर ठेवली.

"पाच," ते म्हणाले.