काका नसलेल्यांचा वर्ग

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. वर्ग अकरावी कॉमर्सचा. विषय पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन. शिक्षण एम.कॉम., बी.एड. वडील नोकरीत, आई शिक्षिका. आमच्या घरात कधी कुणी काही विकलेलं नाही. समोरच्या बाकांवर मात्र कुणाच्या घरी द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड, कुणाच्या आईचं शिलाई मशीन, कुणाचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान. काहींचे काका गलाईच्या धंद्यात परराज्यात. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं सोनं-चांदी शुद्ध करायच्या या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे इकडे लहान पोरालाही माहीत असतं. रोज दुकानाचं शटर वर करून मगच कॉलेजला येणाऱ्या मुलांना मी ‘व्यवसाय म्हणजे काय’ याची व्याख्या लिहून देत होते. वही भरत होती, पण या तासाचं नेमकं प्रयोजन काय, हे मला उमगत नव्हतं.

त्यातच गलाईवाल्या घरातल्या एका मुलाने उभं राहून विचारलं, “मॅडम, आमच्यात पोरगं धावी-बारावी झालं की काकाच्या दुकानावर जातं. तिथं चार-पाच वर्षं राबतं, मग स्वतःचं दुकान टाकतं. हे वर्गात बसून कसं येणार?” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मलाही. मी उत्तर जुळवत असतानाच पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून त्याला म्हणाली, “ज्यांना काका न्हाईत त्यांनी कुठं जायचं मग?”

पुढे वर्षभर मी जे काही केलं ते त्या एका वाक्यावर. काकाच्या दुकानात मुलाला काय मिळतं? भांडवलाची ओळख, उधारी कुणाला द्यायची याचा अंदाज, मंदीत दुकान कसं तगवायचं याचा अनुभव, चुकलं तर सांभाळून घेणारं माणूस. धंद्याच्या घरात जन्मलेल्याला हे न मागता मिळतं. शेतमजुराच्या, ड्रायव्हरच्या, अंगणवाडी सेविकेच्या मुलीला ते फक्त वर्गात मिळू शकतं. तिथेही नाही मिळालं तर कुठेच नाही.

पण ते द्यायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. मी यशस्वी उद्योजकांच्या गोष्टींपासून सुरुवात केली. लांब जायची गरजच नव्हती. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. काही मुलं त्याच वाटेने येतात. मी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. मुंबईत तांत्रिक संस्थेतली शिक्षकाची नोकरी, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि 1910 साली तिथे कारखान्याची वसाहत उभी राहिली. वर्ग शांतपणे ऐकत होता. माझी अपेक्षा होती की कुणीतरी जिद्दीबद्दल बोलेल. पंक्चरच्या दुकानवाल्या मुलाने विचारलं, “नांगर खपत नव्हता तवर कारखान्याचा खर्च कशातनं भागला?”

इतका चांगला प्रश्न मला एम.कॉम.ला कुणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की सायकलींचा व्यवहार होता, कडबा कापायची यंत्रं होती, म्हणजे नव्या मालाला बाजार मिळेपर्यंत जुन्या धंद्याने घर चालवलं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं, मी न सांगता. तेव्हापासून कुठल्याही उद्योजकाची गोष्ट सांगताना मी त्यात पैसा कुठून आला आणि पडत्या काळात कोण राबलं, हे आधी शोधते. नुसत्या यशाच्या गोष्टीने सोळा वर्षांच्या पोराचे डोळे चमकतात, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

जानेवारीत आमच्याकडे आनंद बाजार भरतो. शाळेच्या पटांगणात टेबलं मांडून मुलं खाण्याचे पदार्थ विकतात, पालक येतात, गावातले लोक येतात. या वर्षी मी अकरावी कॉमर्सला एकच अट घातली: स्टॉल लावा, पण त्याचा हिशेब कीर्द-खतावणीत लिहून आणा. माझ्या वर्गाच्या प्रकल्पाचे गुण त्यावर.

चार मुलींनी भडंग करायचं ठरवलं. प्रत्येकीने 200 रुपये काढले. आमच्या भागात भडंग कुणाला शिकवावं लागत नाही, तरी त्यांनी सगळं मोजून केलं. भडंगाचे चिरमुरे 3 किलो, 270 रुपये, शेंगदाणे 1 किलो, 140, तेल 150, लसूण अर्धा किलो, 100, तिखट-मीठ, हळद, कढीपत्ता, पिठीसाखर मिळून 90, पिशव्या 50 रुपयांच्या. बरोबर 800. शंभर-शंभर ग्रॅमची 50 पाकिटं झाली, किंमत 20 रुपये. दुपारी चारच्या आत टेबल रिकामं.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. गल्ल्यात 820 रुपये होते. “मॅडम, एवढं राबून वीस रुपये सुटले.”

मी गल्ला बाजूला ठेवायला सांगितला आणि पाकिटं मोजायला लावली. रोख विकलेली 41. नववीतल्या मुलांनी ‘उद्या देतो’ म्हणून नेलेली 5. उरलेली चार? जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग कळलं, की दुपारी भूक लागली तेव्हा चौघींनी एकेक खाल्लं. फळ्यावर एका बाजूला उधारीचे 100 रुपये लिहिले आणि विचारलं, हे पैसे तुमचे आहेत की नाहीत? आहेत. येणं आहे, म्हणजे मालमत्ता. आणि खाल्लेली चार पाकिटं? एकाला 16 रुपये खर्च आला, म्हणजे 64 रुपयांची उचल. धंद्याने गमावले नाहीत, मालकांनी नेले. विक्री 46 पाकिटांची, 920 रुपये. त्यांचा खर्च 736. नफा 184. मग ताळेबंद मांडला: एकीकडे रोख 820 आणि येणं 100, दुसरीकडे भांडवल 800, वजा उचल 64, अधिक नफा 184. दोन्ही बाजूंना 920.

दोन्ही बेरजा जुळल्या तेव्हा अख्खा वर्ग ओरडला. ऑगस्टपासून मी नावे-जमा घोकून घेत होते, उदाहरणांतले ‘श्री. अमुक यांनी रोख भांडवल आणून व्यवसाय सुरू केला’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ होतं. पण धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे तत्त्व त्या चार पाकिटांनी शिकवलं. त्या दिवशी बेदाणेवाल्या मुलाने विचारलं, की घरी बेदाण्याच्या पैशातूनच बहिणीची फी, औषधं, किराणा सगळं जातं. मग शेड तोट्यात आहे की फायद्यात हे वडिलांना कळतं का? मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “कळत नसणार. सगळं एकाच खिशात असतंय.”

माझ्या दृष्टीने वर्गाचं काम इथे सुरू होतं. मुलाला धंद्याची ओढ लागते ती कुणाच्या कोटींच्या आकड्याने नाही. घरात रोज दिसणाऱ्या व्यवहाराच्या आत बघता आलं की लागते.

पण भडंगाचा हिशेब अजून संपला नव्हता. काका कुठून आणायचा असं विचारणारी मुलगी त्या चौघींतलीच. तिने हळूच विचारलं, “भडंग आईनं परतलं. लसूण आजीनं सोलला. त्याचं काय?” मी म्हटलं, आई रोजाने जाते तेव्हा किती मिळतात? तीनशे. आणि भडंगाला तिचा अर्धा दिवस गेला. म्हणजे 150. फळ्यावरच्या 184 मधून 150 वजा केले, उरले 34. चौघींत साडेआठ-साडेआठ रुपये. गॅसचे अजून धरलेच नव्हते, आजीचे तर नाहीतच.

या वेळी कुणी ओरडलं नाही. त्या मुलीने वहीत ‘आईची मजुरी 150’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आपल्याकडे किती घरगुती धंदे बाईच्या न धरलेल्या मजुरीवर ‘फायद्यात’ चालतात! कुणी ती मांडत नाही, म्हणून किंमत वाढवायची गरज कुणाला दिसत नाही, म्हणून धंदा वाढतही नाही. पुस्तकात हे या शब्दांत नाही. पण पुस्तकातली साधनं हातात असली की मुलांना दिसतं.

पुढे वर्गात वाद रंगला. किंमत वाढवायची की वजन कमी करायचं? बेदाणेवाल्याचं म्हणणं, वजनाला हात लावू नका, गिऱ्हाइकाला पाकीट उचलल्यावर कळतं. गलाईवाला म्हणाला, चिरमुरे पोत्याने घ्या, भाव उतरेल. शेवटी वजन तेच, किंमत 25 आणि खरेदी पोत्याची, असं ठरलं. आणि मग चौघी माझ्याकडे नवा प्रश्न घेऊन आल्या: धंदा पुढे चालवायचाय, आम्ही भागीदार होऊ शकतो का?

भागीदारी संस्थेचे फायदे-तोटे मी त्यांना शिकवले होते. आता 1932 चा भागीदारी कायदा नीट उघडून बसावं लागलं. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून ती पूर्ण भागीदार होऊ शकत नाही. सगळ्या भागीदारांच्या संमतीने तिला भागीदारीच्या लाभात सामावून घेता येतं, पण त्यासाठी मुळात सज्ञान भागीदारांची संस्था हवी. चौघीही सोळा-सतरा वर्षांच्या. मग एकल व्यापारी, तोही सज्ञान. त्या मुलीची आई तयार झाली. ती बचत गटात आहे आणि गटाची वही ही मुलगीच लिहिते, हे मला तेव्हा कळलं. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते; छोट्या व्यावसायिकाला तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक हवा. आईच्या नावाने नोंदणी झाली. अर्ज मुलींनी भरला, मी शेजारी बसून शिकत होते.

दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये 2021 पासून ‘बिझनेस ब्लास्टर्स’ नावाखाली अकरावी-बारावीच्या मुलांना उद्योग करून बघायला माणशी 2,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल दिलं गेलं. ते वाचून मला हेवा वाटला. आमच्या मुलींनी 200 रुपये कुठून काढले हे मला माहीत आहे. एकीने सायकलचं टायर बदलायचं लांबवलं होतं. आपल्या मंडळाच्या बारावीच्या वाणिज्य संघटनात उद्योजकता विकासाचं एक प्रकरण आहे आणि ते चांगलं आहे. पण त्या प्रकरणासोबत प्रत्येक गटाला हजार रुपये आणि एक कोरी रोजकीर्द दिली तर तेच प्रकरण वेगळं होईल, असं मला मनापासून वाटतं. बुडाले तरी बुडू देत. बुडीत कर्जाची नोंद कशी करायची तेही शिकायचंच आहे. नववीतल्या मुलांकडून शंभरपैकी साठ रुपये आले, चाळीस नाही आले, ती नोंद मुलींनी माझ्या मदतीशिवाय केली.

आता भडंग गावातल्या एका किराणा दुकानात आणि गटाच्या स्टॉलवर जातं. परीक्षेच्या आधी मात्र अडचण आली. चौघींतल्या एकीला एमएस-सीआयटीच्या क्लासमुळे वेळ मिळेना, फीसाठी पैसेही हवेत. तिला बाहेर पडायचं आहे. कागदावर भागीदारी नाही, पण वहीत चौघींची चार खाती आहेत. तिला भांडवल परत द्यायचं, नफ्याचा वाटाही. भांडण होऊ नये म्हणून त्या विचारायला आल्या. भागीदाराची निवृत्ती हे प्रकरण बारावीत आहे. मी अकरावीच्या फळ्यावर ते घेतलं आणि सगळा वर्ग थांबला, गलाईवाला मुलगासुद्धा. त्याच्या काकांच्या दुकानातून एक भागीदार असाच बाहेर पडला होता, आणि हिशेब कसा केला ते घरात कुणी नीट सांगत नव्हतं.

खाती बंद करताना बाहेर पडणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, आता आमच्या भडंगाला गावात नाव झालंय. त्या नावात माझा वाटा न्हाई का?” आहे. त्याला ख्याती म्हणतात आणि तिचं मूल्य ठरवायच्या पद्धती आहेत. पण त्यासाठी आधीच्या नफ्याची सरासरी लागते आणि यांचा धंदा जेमतेम काही महिन्यांचा. म्हणून सध्या चौघींनी असं ठरवलंय की दर आठवड्याची विक्री आणि आईची मजुरी धरून येणारा नफा वेगळ्या पानावर लिहायचा, जूनमध्ये तो माझ्यासमोर मांडायचा, आणि तोवर तिचे दोनशे रुपये व आजवरचा नफ्याचा वाटा तिला देऊन टाकायचा. ते पान लिहायचं काम बाहेर पडणाऱ्या मुलीनेच मागून घेतलंय.