उघडलं की बरं होणारं इंजिन

‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न असतो : इंजिन अजून कुणी उघडलं तर नाही ना? बहुतेक वेळा ते उघडलेलं असतं, आणि माझं निम्मं काम तिथंच बुडतं. रिबोअर झालेलं, नवे पिस्टन आणि रिंगा पडलेलं इंजिन हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल प्यायला लागलं, की मालक चिडतो. मग मिस्त्री घाईनं हेड उतरवतो आणि आत बघतो, तर सगळं ठाकठीक. बोअर गोल, रिंगा कोऱ्या. मग दोष रिंगांच्या कंपनीवर ढकलायचा, दुसऱ्या रिंगा घालायच्या, हेड आवळायचं. पुन्हा तेच.

या धंद्यात काही दोष फक्त बंद, आवळलेल्या इंजिनात असतात. बोल्ट सैल केले की ते जातात. या एका गोष्टीनं माझी उमेदीची वर्षं खाल्ली, आणि आता हात थकल्यावर तीच गोष्ट मी भाचीला शिकवायला निघालो आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती माझ्याकडे आली, तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या शेजारची बोअरिंगची दुकानं एकामागून एक शटर ओढत होती.

गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांची मारुती 800 आमच्याकडे आली ती दोन ठिकाणी उघडून बसवलेली. जुनी कार्बोरेटरची, तीन सिलिंडरची, 796 सीसी. मूळचा 68.5 मिलिमीटरचा बोअर एकदा 0.25 नं वाढवलेला. या पिस्टनला त्यापुढं 0.50 चा साइज मिळतो आणि तिथं संपतं. मग स्लीव्ह मारण्याशिवाय गत नाही. म्हणजे एकच डाव शिल्लक होता.

सर म्हणाले, “गावात फिरवली तर पट्टीवर ऑइल तेवढंच दिसतं. पुण्याला जाऊन आलो की एकदम खाली.” हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं, कारण सर नीट बघणारे होते. गावातल्या गावात, चोक ओढून, इंजिन तापायच्या आत बंद करत गाडी फिरली की न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जेवढं ऑइल जळतं, तेवढी जागा पेट्रोल भरून काढतं, आणि पट्टी खोटं बोलते. हायवेवर ऑइल सणसणीत तापलं की ते पेट्रोल उडून जातं. ऑइल पुण्याच्या वाटेवर संपलेलं नसतं. गावातच संपलेलं असतं, पुण्याला कळतं. म्हणून आधी नवं ऑइल मापून भरलं आणि सरांना सांगितलं, रोज सकाळी, सपाट जागेवर, स्टार्टर मारायच्या आधी बघायचं.

लिटरला हजार किलोमीटर म्हणजे किती, याचा हिशेब मी गिऱ्हाइकाला मांडून दाखवतो. गाडी सोळाचं ॲव्हरेज देत असेल तर साडेबासष्ट लिटर पेट्रोलबरोबर एक लिटर ऑइल जळतं, लिटरमागं सोळा मिलि. बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरला आपण लिटरमागं वीस मिलि घालत होतो. काही मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकांत एवढं ऑइल ‘मर्यादेत’ धरलेलं आहे आणि शोरूमवाले ते पान उघडून दाखवतात. मला ते पान मान्य नाही. नवीन बांधलेल्या इंजिनानं एवढं ऑइल जाळणं हा कामाचा दोष आहे, आणि पुस्तकात छापल्यानं तो गुण होत नाही.

बाहेर गळती नाही, हे इंजिन धुऊन, पावडर मारून, चालवून पाहिलं. ब्रीदर मोकळा होता. मग घाट. गगनबावड्यावरून करूळ घाट दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरायचा आणि खाली सपाटीला एकदम दाबायचा. मागून मोटारसायकलवर माणूस हवा. निळा भपका निघाला तर वॉल्व्हचे गाइड आणि सील, असं सगळे शिकवतात. ते पूर्ण खरं नाही. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते ती सीलवरून ऑइल ओढते, तशीच खालच्या ऑइल रिंगेवरूनही ओढते. भपका दिसला म्हणजे हेडचंच काम, असं ठरवून कित्येक चांगली हेडं उगाच घासली गेली आहेत. घाट एवढंच सांगतो की ऑइल ओढीनं वर येतंय. कुठल्या वाटेनं, ते नाही. पूर्वी मागची मोटारसायकल मी चालवायचो. या वेळी भाची मागं होती. वर आल्यावर म्हणाली, “मामा, धूर हाय, पण पातळ. आणि चढालाबी थोडा येतोय. मी नीट बघितलो.” चढाचा धूर मला हवा होता. सकाळी पहिल्या स्टार्टला धूर नव्हता, म्हणजे रात्रभर सीलवरून थेंब पडत नव्हते. आता संशय खाली सरकला.

खरी साक्ष मात्र सरांच्या डब्यात निघाली. पेशाच असा, की टाकून देणं जमत नाही. दोन्ही वेळा काढलेले प्लग त्यांनी कागदात गुंडाळून, सिलिंडरचा नंबर घालून ठेवले होते. दोन्ही खेपांना तिसऱ्याचा प्लग ओला, काळा, चिकट. रिंगा दोनदा बदलल्या, कंपनी बदलली, आणि आजार त्याच घरात राहिला. मग तो रिंगांचा नव्हता. त्या कागदाच्या पुड्या बघून मला जो आनंद झाला, तो त्या दिवशी भाचीला कळला नाही. प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा बारीक कॅमेरा तिनं आत सोडला. पहिल्या आणि दुसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर एकसारखा कोरडा काळा थर; तिसऱ्याची कड एका बाजूनं धुतल्यासारखी चकचकीत. ऑइल त्या बाजूनं कडेकडेनं वर येत होतं आणि कार्बन धरू देत नव्हतं. हे सगळं हेडला हात लावायच्या आधी मिळालं, आणि म्हणून त्याला मोल आहे.

तरी सगळ्यांचा एकच सवाल : कॉम्प्रेशन तर तिन्हीत सारखं, भरपूर! आमच्या धंद्यातली सगळ्यात चिवट समजूत हीच. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. खालची, ऑइल पुसणारी रिंग गॅस धरतच नाही. तिचा एक्स्पांडर टोकाला टोक भिडायच्या ऐवजी एकावर एक चढून बसला, तरी कॉम्प्रेशनचा काटा तुम्हाला शाबासकी देईल. दुसरी रिंग उलटी पडली, तर ऑइल खाली खरवडायचं सोडून ती वर चढवते आणि काटा तरीही खूश. कॉम्प्रेशन गेज पाहून ‘खालचं काम ओके’ म्हणणारा माणूस मला मिस्त्री वाटत नाही. रिंगांचे गॅप 120 अंशांवर ठेवले की संपलं, असं मानणाराही नाही. रिंगा चालत्या इंजिनात फिरत राहतात.

आता माझ्या बोटांबद्दल. बोअरमध्ये हात घालून नखानं वरचा कंगोरा आणि बोटांच्या टोकांनी होनिंगची जाळी मी वाचत असे. लेथवाले स्वतःचं काम माझ्याकडून पारखून घ्यायला यायचे, आणि मी मुद्दाम मापी न घेता नुसत्या हातानं सांगायचो. चार लोक बघत असले की जास्तच. साखरेनं ही बोटं बधिर झाली आहेत. डॉक्टरांनी कारण सांगितलं, गोळ्या दिल्या, पण गेलेली जाणीव परत आली नाही. अजूनही गिऱ्हाईक समोर असलं तर मी बोअरमध्ये हात घालतो आणि मान हलवतो. त्यांना ते हवं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. काय लागतंय ते मात्र भाची सांगते. तिला ते शब्दांत सांगायला लावताना मला कळलं, की बोटांना जे कळत होतं ते मी स्वतःलासुद्धा कधी शब्दांत सांगितलं नव्हतं.

हेड उतरवलं. ठरल्याप्रमाणे बोअर गोल. तिनं गेज फिरवून आकडे वाचले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आता बोल्ट आवळून वाच. पिस्टन, क्रँक काढून मेनच्या कॅप बसवल्या, वरून भंगारातलं हेड दाबलेल्या गॅस्केटवर ठेवून टॉर्क पान्यानं आवळलं, आणि बोअर गेज खालून घातला. तिसऱ्याच्या वरच्या भागात गोलाई तीन-चार शतांश मिलिमीटरनं बिघडली. कॅमेऱ्यात कड चकचकीत दिसली होती, बरोबर त्या बाजूला. बोल्ट सैल केले, दोष गेला. आवळले, आला. तिनं तो खेळ पुन्हा पुन्हा केला. मी थांबवलं नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या कोपऱ्यातले बोल्ट ताणलेले होते. कधीतरी गॅस्केट फुटलं असणार, आणि कुणीतरी पान्याला पाइप लावून ‘अजून थोडं’ आवळलं असणार. उसाच्या चरकाला, शेतावरच्या ऑइल इंजिनाला हे चालून जातं. आमच्या गावाचा हात त्या कामावर घडला आहे आणि त्या हाताचा मला अभिमान आहे. पण याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. बारीक काम इथल्या हाताला परकं नाही. परकी झाली आहे ती सबुरी.

ड्रिल मशिनला ब्रश लावून बोअरमध्ये मिनिटभर फिरवायचा आणि त्याला होनिंग म्हणायचं. मग डिझेलनं धुऊन इंजिन बांधायचं. डिझेल होनिंगच्या दगडाची पूड जाळीतच सोडून जातं. गरम पाणी आणि साबणानं घासून, ऑइलचं पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवायला पाहिजे. त्यापुढं मालकाला ‘चाळीसच्या वर नेऊ नका’ म्हणून सोडायचं. रिंगेला बोअरवर दाबतो तो मुख्यतः जळणाऱ्या गॅसचा दाब. इंजिनावर भारच पडला नाही तर रिंग बसत नाही, बोअर काचेसारखा होतो, आणि मग ऑइल पिण्याचा दोष गाडीच्या नशिबावर. शेवटी घट्ट ऑइल आणि बाटलीतलं औषध ओतून महिनाभर धूर दाबायचा. हे सगळं करणारी दुकानं माझ्यापेक्षा जास्त गाड्या काढतात. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

सरांचा ब्लॉक 0.50 ला नेताना वर जाड पोलादी प्लेट हेडच्या टॉर्कनं आवळली आणि तिच्यातूनच होनिंग केलं, म्हणजे बोअर आवळलेल्या अवस्थेत गोल झाला. मोकळा केला की आता तो वाकडा दिसतो. लेथवाल्यानं तो वाकडा आकडा बघून भाचीकडे संशयानं पाहिलं, आणि तिनं त्याला जे समजावून सांगितलं त्यात माझा एकही शब्द नव्हता. बोल्ट नवे घातले. पहिल्याच दिवशी घाट चढवून रिंगांना भार दिला. सर पुण्याला जाऊन आले. पट्टीवरचा फरक सांगण्याजोगा नव्हता.

ती प्लेट कापून घ्यायला जो खर्च आला, त्यावरून शेजारचे मला वेड्यात काढतात. मारुती 800 बनणं 2014 मध्येच बंद झालं, किती इंजिनं येणार? येतील तेवढी येतील. पुढची प्लेट कुठली, यावर आमचा वाद चालू आहे. भाचीला इंडिकाची हवी, कारण त्या अजून रस्त्यावर आहेत. मला प्रीमिअर पद्मिनीची हवी. 68 चा बोअर, 75 चा स्ट्रोक, आणि त्या इंजिनानं मला जितकं छळलं तितकं कुणीच नाही. पोलाद आणून ठेवलं आहे. भोकं अजून पाडलेली नाहीत.