स्त्री पार्टी

दशावतारात बायकांची कामं करणाऱ्या पुरुषाला आमच्या सिंधुदुर्गात 'स्त्री पार्टी' म्हणतात. राजाचं काम करणारा तो राजपार्टी. मी 1979 सालापासून तेवीस हंगाम स्त्री पार्टी होतो. पावसात नांगर धरायचा, भात कापून झोडून घरात आलं की चार महिने वाढलेली मिशी उतरवायची, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की कंपनीबरोबर निघायचं. आज कुडाळकडे, उद्या वेंगुर्ल्याकडे, परवा सावंतवाडीच्या पलीकडे कुठेतरी. वैशाखात परत यायचं, तोवर बांधावरचं गवत वाढलेलं नाही तर जळलेलं.

शहरातली माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, एवढी भाषणं पाठ कशी करता? त्यांना सांगावं लागतं की पाठ करायला काही नसतंच. दशावताराला लिहिलेलं नाटक नाही. संध्याकाळी देवळात पोचलो की मालक सगळ्यांना गोळा करून आख्यान सांगणार. आज अमुक राजा, त्याची राणी अमुक, इथं भांडण, इथं युद्ध, शेवटी देव येणार. दहा-पंधरा मिनिटांत खलास. मग ज्याने त्याने आपल्या पेटाऱ्यापुढे आरसा उभा करून तोंड रंगवायचं. मध्यरात्री आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, सरस्वती येते, संकासूर येऊन मालवणीत लोकांना हसवून जातो. त्यानंतर मुख्य आख्यान, ते उजाडेपर्यंत. रंगमंचावर सिंहासन म्हणून एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. बास. राजा काय बोलणार ते राणीला ठाऊक नाही, राणी काय उत्तर देणार ते राजाला ठाऊक नाही.

पहिल्या हंगामात मी यावर एक युक्ती काढली होती, जी सगळेच नवे काढतात. सायंकाळपासून मनात वाक्यं जुळवून ठेवायची. आमचे पेटीवाले बुवा तेव्हा साठीच्या पुढचे. त्यांनी तीन रात्री बघितलं आणि चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "राजा बोलता तेवा तुजे डोळे खंय असतत रे? फुडला वाक्य कित्याक आठवतस? समोरच्याचा आयक. त्याका काय दुखता ता आयक. तुजा तोंड आपसूक उघडात."

ऐकायला सोपं. करायला गेलो तर पोटात गोळा. पुढचं वाक्य हातात नाही, समोर दीड-दोन हजार माणसं, त्यातल्या निम्म्यांना पुराण तोंडपाठ, आणि आपण लुगडं नेसून उभे. लपायला जागा म्हणून नाही. मनातली वाक्यं हे तेवढंच एक पांघरूण होतं, तेही बुवांनी काढून घेतलं. पण खरं सांगायचं तर नट म्हणून मी कामाला लागलो तो तिथून. एखाद्या रात्री राजा काहीतरी भलतंच बोलायचा, मी दोन क्षण गप्प, पेटीचा एक सूर नुसता धरलेला, आणि मग जे तोंडातून यायचं ते मला स्वतःलाही नवीन असायचं.

लोकांच्या टिंगलीचं म्हणाल तर ती होतीच. रात्री द्रौपदीच्या पदाला बायकांनी डोळे पुसायचे आणि सकाळी रेशनच्या रांगेत त्यांच्याच घोवांनी हाक मारायची, "काय गो द्रौपदे, आज श्रीकृष्ण खंय रवलो?" मुंबईच्या नटाला ही अडचण नाही. त्याचा प्रेक्षक घरी जातो. आमचा प्रेक्षक शेजारच्या कुणग्यात चिखल करत असतो. मी हसून सोडून द्यायचो. पुढे पुढे कळलं की जो सगळ्यात मोठ्याने हाक मारतो तोच रात्री सगळ्यात पुढे बसलेला असतो.

रडण्याचं मात्र वेगळं. स्त्री पार्टीची परीक्षा रडण्यात होते असं आमच्याकडे समजतात. मी रडायचो चांगला. गळा होता, पद चढवून म्हणायचो, मांडवात हुंदके ऐकू यायचे. बुवा तेवढ्यावर खूश नसत. "रडूचा काम लोकांचा," म्हणायचे, "तू आवंढो गिळ." हे मला बरीच वर्षं नीट समजलं नव्हतं. समजलं ते नाटकात नाही, घरात.

1988 च्या आषाढात आमची मोठी मुलगी गेली. दीड वर्षाची होती. तीन दिवस ताप, नदीला पूर, साकव पाण्याखाली. पलीकडे न्यायचं कसं? चौथ्या दिवशी पहाटे संपलं. घरात बायका जमल्या, आईने हंबरडा फोडला. आमची घरकारीण मात्र रडली नाही. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन ती तिच्या केसांतला भाताचा कोंडा वेचत बसली होती. आदल्या आठवड्यात पडवीत भात सडलं होतं, पोर त्यात लोळलेली. एकेक कण चिमटीत धरून बाजूला ठेवायची. माणसं न्यायला आली तेव्हा एवढंच बोलली, "वायंच थांबा. केसात अजून कोंडो आसा." दुसऱ्या दिवशी लावणीला उभी राहिली. तरवा थांबत नाही.

मी त्या वर्षीही हंगाम केला. लोकांना वाटलं, काळीज दगडाचं. घरात पैसा लागतो, याच्यापलीकडे त्यात काही नव्हतं.

तीन वर्षांनी मार्गशीर्षात, घरकारणीच्या माहेरच्या गावात, हरिश्चंद्राचं आख्यान लागलं. मी तारामती. रोहिदासाला त्याच गावातला एक सात-आठ वर्षांचा मुलगा घेतलेला. रोहिदासाला साप डसतो, तारामती त्याला घेऊन स्मशानात येते, आणि राखणीला असलेला तिचा नवराच तिच्याकडे दहनाचा कर मागतो, हे आपल्याला माहीत आहे. हा प्रसंग मी त्याआधी कितीतरी वेळा केला होता. पद ठरलेलं, पेटीवर सूर तयार. मुलाला मांडीवर घेतलं. तो आत गवतावर झोपला होता, त्यामुळे केसांत काड्या. राजपार्टीने कर मागितला. मी तोंड वर केलं नाही. माझा हात त्या पोराच्या केसांकडे गेला आणि मी काड्या वेचायला लागलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बुवांनी पेटीचा भाता सोडला तेवढं ऐकू आलं. राजाने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "वायंच थांबा. केसात अजून गवत आसा."

दशावतारात राजा-राणी शुद्ध भाषा बोलतात. मालवणी बोलायची ती संकासुराने आणि सोंगाड्याने, आणि ती निघाली की लोक हसणार हे ठरलेलं. त्या रात्री राणीच्या तोंडून मालवणी निघाली आणि कोणी हसलं नाही. समोरचा राजपार्टी पस्तीस वर्षांचा मुरलेला नट, पण त्याला पुढचं बोलता येईना. त्याने काठी खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसला. पद झालंच नाही. मी रडलोही नाही.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, कालचं ते रोज घाल, गर्दी होईल. मी बुवांकडे बघितलं. बुवा म्हणाले, "रोज घातलंस तर ती हुशारी होतली. येयत तेवा येयत." मालकांना पटलं नाही, पण बुवांचा शब्द मोडणारा कंपनीत कोणी नव्हता.

पण खरी धास्ती मला दुसऱ्याच माणसाची होती. नाटक संपून दहीकाला झाला, आणि सकाळी मी व घरकारीण तिच्या माहेराकडे चालत निघालो. ती रात्रभर बायकांत बसून होती. अर्धी वाट एक शब्द नाही. मी पेटारा या खांद्यावरून त्या खांद्यावर करतोय. शेवटी व्हाळाजवळ थांबली.

"ता माजा होता," म्हणाली.

मी म्हटलं, "होय."

"तुमी लोकांका दाखवलात."

याला काय उत्तर द्यायचं? ती व्हाळात उतरली, तोंड धुतलं, पदराने पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिसा माका रडाक येवक नाय. काल इला."

त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. ती माझी बाकीची नाटकं बघायची, लुगडं नीट नेसलो नाही तर घरी येऊन नावं ठेवायची. हरिश्चंद्र असला की मात्र काही ना काही काम काढून घरी राहायची.

चाळिशी उलटल्यावर माझा आवाज फाटला. डॉक्टर म्हणाले स्वरयंत्रावर गाठी आहेत, बोलू नका. दीड महिना मुका होतो, बैलसुद्धा गोंधळले. गाठी गेल्या पण वरचा सूर काही परत आला नाही. तरुण राण्या दुसऱ्याकडे गेल्या. मग मी कुंती केली, गांधारी केली, आणि तो घोगरा, मध्येच तुटणारा आवाज तसाच वापरला. काही जाणकारांचं म्हणणं, माझी चांगली कामं तीच. मला त्यात दोन्ही बाजूंनी बोलता येत नाही, कारण मला माझा जुना आवाज आवडायचा.

आता कंपन्यांकडे ट्रिकसीन आले आहेत. धूर येतो, रंगीत उजेड पडतो, देव वरून उतरतो. गर्दी होते, नटांना चार पैसे मिळतात, वाईट काय त्यात! फक्त धूर आला की नटाला दोन क्षण गप्प उभं राहायची पाळी येत नाही, तेवढंच.

शेजारच्या वाडीतला एक मुलगा सध्या स्त्री पार्टी करतो. बारावी झालेला. दुपारी येऊन विचारतो, रडायचं कसं, डोळ्याला काय लावायचं. मी त्याला राजाचं ऐक एवढंच सांगतो. त्याला वाटतं म्हातारा टाळतोय. गेल्या जत्रेत त्याचं काम बघायला गेलो. सत्यवान पडला, यम आला आणि सरावाबाहेरचं काहीतरी बोलून बसला. पोरगा अडकला. पेटीवाल्याने सूर धरला. मी खाली बसून स्वतःच्याच गुडघ्यावर बोटं आवळली होती. पोराने आधी पेटीवाल्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग हळूच मान वळवून त्याने यमाच्या तोंडाकडे बघितलं, आणि बघतच राहिला.