लोखंडाचे वय

घरातील जुन्या यंत्राचे वय आपण घरच्या आठवणींवरून सांगतो. 'थोरलीच्या लग्नाआधी घेतले', 'विहीर खणली त्या साली आले', अशी आपली कालगणना. ती सहसा खोटी ठरत नाही. परंतु दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत, की यंत्रालाच साक्षीस बोलवावे लागते. अशी एक साक्ष ऐकण्याचा योग आम्हां उभयतांना २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आला.

विस्कॉन्सिन राज्यात मुलाकडे आम्ही तीन महिने राहिलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहत. त्यांच्या वडिलांचा एक लहानसा ट्रॅक्टर गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभा होता. घराभोवतीचे गवत कापावे, हिवाळ्यात वाटेवरचे बर्फ लोटावे, अशा कामांसाठी तिकडे असे 'गार्डन ट्रॅक्टर' पुष्कळ घरी असत. बाईंचे धाकटे बंधू तो भंगारात द्यायला निघाले होते. बाईंचा जीव त्यात अडकला होता. त्यांचा थोरला भाऊ तो चालवीत असे. १९६७ च्या नोव्हेंबरात तो व्हिएतनामच्या युद्धावर गेला, तो परतलाच नाही.

धाकट्या बंधूंचे म्हणणे निराळे होते. "ताईच्या आठवणीत माया आहे, पण ती खरी नाही. मी नऊ वर्षांचा असताना याचे कोरे करकरीत इंजिन मी स्वतः पाहिले आहे. दादा तेव्हा हयात नव्हता."

आमचा जन्म वसईच्या वाडीत गेला. बावखलावरच्या ऑईल इंजिनाशी झुंजण्यात उमेदीची वर्षे सरली. त्यामुळे मुलाला सोबत घेऊन आम्ही त्या ट्रॅक्टरपाशी बसलो. अनुक्रमांकाची पट्टी गंजून गेली होती, एकही अंक लागत नव्हता. मग केरोसिनचा बोळा घेऊन इंजिन पुसले. ते मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे निघाले. १९०८ साली स्थापन झालेली ही कंपनी पंख्यावरच्या पत्र्यात आकडे ठोकून इंजिनाची जन्मतारीख लिहीत असे. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. येथे आकडे होते ७१०४२२, म्हणजे २२ एप्रिल १९७१. बंधूंनी बहिणीकडे पाहिले. बाई काही बोलल्या नाहीत.

परंतु इंजिन म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. बैल बदलला म्हणून गाडी नवी होत नाही. हा जॉन डिअर कंपनीचा ११० क्रमांकाचा ट्रॅक्टर होता. याच राज्यातील होरिकॉन येथील कारखान्यात १९६३ पासून तो बनू लागला. कारखान्यातून तो कोहलर कंपनीचे इंजिन घेऊन बाहेर पडे. पहिल्या वर्षी ७ अश्वशक्तीचे, पुढे ८ अश्वशक्तीचे. तेव्हा ब्रिग्जचे इंजिन येथे मागाहून आलेले असणार. मुलाने चॅसीवर दिवा धरला. बोल्टांच्या शेजारीच चार जुनी, रिकामी भोके दिसली. पूर्वीचे इंजिन तेथे बसलेले होते.

मग आम्ही मागच्या चाकांवरचे मडगार्ड पाहिले. १९६७ पर्यंत या ट्रॅक्टरची मडगार्डे गोलाकार असत. १९६८ पासून ती वरून सपाट झाली. समोरची दोन्ही गोल होती आणि चॅसीला मूळच्याच जागी बसलेली होती. म्हणजे ट्रॅक्टर १९६३ ते १९६७ या काळातला.

तरीही लोखंड एवढेच सांगते, की ते केव्हा घडले. ते कोणी विकत घेतले, कोणी चालविले, हे त्याला सांगता येत नाही. दुकानात पडून राहिलेला ट्रॅक्टर मागाहूनही विकला जाऊ शकतो. म्हणून आम्ही बाईंना जुनी छायाचित्रे काढायला सांगितली. त्या काळी तिकडे छायाचित्राच्या पांढऱ्या कडेवर ते धुऊन छापल्याचा महिना व साल उमटवीत. एका चित्रात थोरला भाऊ मोटार धुताना दिसत होता आणि मागे, अर्धवट, एक गोल मडगार्ड. कडेवर छापले होते: सप्टेंबर ६६.

बंधू बराच वेळ ते चित्र हातात धरून होते. अखेरीस म्हणाले, "म्हणजे १९७१ साली बाबांनी जुन्यालाच नवे इंजिन बसविले. त्यांना नवा ट्रॅक्टर घेता आला असता."

"आला असता," बाई म्हणाल्या. "त्यांनी घेतला नाही."

दोघांच्याही आठवणी खऱ्या होत्या. एकाने इंजिन पाहिले होते, दुसरीने ट्रॅक्टर. वडिलांनी मात्र आपल्या मनातले कोणालाच सांगितले नव्हते. ट्रॅक्टर भंगारात गेला नाही. आता तो बंधूंच्या घरी आहे.

वाचकहो, आपल्या वाड्यांतूनही विजेचे पंप आल्यावर कित्येक ऑईल इंजिने अडगळीत पडली. त्यांतले एखादे विकायला काढाल, तर आधी थोडे पुसून पाहा. जो भाग सहज बदलता येतो त्याच्या आकड्यावर विसंबू नका. चॅसीपासून, ओतीव लोखंडापासून सुरुवात करा. आणि घरात कोणी वडीलधारे असतील, तर ते यंत्र कोणत्या साली आले एवढेच विचारू नका. मोडल्यावरही ते का ठेवले, हेही विचारून घ्या.