पोतं, आरसा आणि दोन डबे

वसतिगृहात मला 'काना' म्हणतात. मराठी विशेषच्या पोरांना टोपणनावही बाराखडीतूनच सुचायचं! काना म्हणजे एक उभी रेघ. पुढून पाहा, बाजूने पाहा, रेघच. पहिल्या वर्षी मी हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकात भालदाराची भूमिका मागायला गेलो, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "तू भालदार नको, भालाच हो." सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्याच दिवशी जिममध्ये नाव घातलं.

महिनाभर लोखंड उचललं, पण रेघ काही जाड होईना. तेव्हा एका अनुभवी मित्राने दुकानाची वाट दाखवली. दुकानदाराने दोन डबे पुढ्यात ठेवले. एकावर लिहिलं होतं क्रिएटिन. आत साधी पांढरी भुकटी. दुसऱ्यावर नायट्रिक ऑक्साइड, आणि दोरखंडासारख्या शिरा फुगलेला एक पहिलवान.

"यानं रक्त उसळतं. अर्ध्या तासात आरशात बघ," दुकानदार म्हणाला.

"आणि क्रिएटिननं?"

"त्याला महिना लागतो. आणि लगेच डोळ्यात भरेल असं नाही."

आता तुम्हीच सांगा, भाला म्हणून हिणवलेला माणूस महिनाभर थांबेल का? आबांनी खाणावळीसाठी पाठवलेले अठराशे रुपये मी त्या पहिलवानापुढे मोजले. खाणावळीच्या मावशींना सांगितलं, "घरून पैसे अजून आले नाहीत." त्यांनी काही न विचारता ताट वाढलं.

डब्याने आपला शब्द राखला, असं तेव्हा वाटलं. व्यायाम झाला की आरशात दंड भरलेला दिसे. मी निरनिराळ्या कोनांतून स्वतःला न्याहाळत असे. फक्त एक अडचण होती. जिममधून खोलीवर पोचेपर्यंत पुन्हा काना!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आमचे आबा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. सोयाबीनची आवक जोरात होती आणि नेमकी त्यांची पाठ धरली होती. टोळीचा हिशेब पोत्यावर असतो. माणूस घरी बसला की मजुरीही बसते. मी म्हटलं, "आज तुमच्या जागी मी जातो." मनात दंडाचा तो आरशातला फुगीरपणा होता.

पोतं पन्नास किलोचं. पहिली चार-पाच मी दात-ओठ खात नेली. नवव्या पोत्याला गुडघे लटपटले आणि पोत्यासकट मी खाली आलो. टोळीतले तात्या पन्नाशी ओलांडलेले, अंगाने माझ्याहून बारीक. त्यांनी ते पोतं पाठीवर घेतलं आणि पुढे चालू लागले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

रात्री आबा माझ्या तळहाताला तेल लावत होते. मध्येच म्हणाले, "खानावळीत पोटभर जेवतूस न्हवं रं?"

मी "हो" म्हटलं आणि मान फिरवली.

परत आल्यावर तो डबा घेऊन आमच्या जिमखान्याच्या सरांकडे गेलो. सरांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. म्हणाले, "अरे, नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात तयार होतो, काही सेकंद टिकतो, वाहिनी सैल करतो आणि संपतो. तुझ्या डब्यात आहे ते आर्जिनीन. त्यापासून शरीर हा वायू बनवतं खरं. पण तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनीनचा बराच भाग आतडी आणि यकृत वाटेतच मोडून टाकतात."

"मग दंड फुगायचा तो?"

"वजन उचललं की स्नायूकडे रक्त धावतंच. नुसतं पाणी पिऊन उचललं असतंस तरी फुगला असता!"

अठराशे रुपयांचं पाणी! मी ग्रंथालय गाठलं. मी कला शाखेचा. ॲसिड हा शब्द मला पित्त खवळलं की आठवतो. तरीही वाचत गेलो. नायट्रिक ऑक्साइडचं विज्ञान खोटं नाही. त्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की ज्या नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट बनवलं, तेच उतारवयात डॉक्टरांनी त्याला हृदयासाठी लिहून दिलं होतं. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं, हे पुष्कळ नंतर कळलं. बिटाच्या रसातल्या नायट्रेटपासूनही तोंडातल्या जिवाणूंच्या मदतीने हा वायू बनतो आणि दमसासाला थोडा हातभार लागतो. पण स्नायू वाढवण्याच्या कामी या मंडळींचा भरवसा धरता येत नाही.

क्रिएटिनची गोष्ट निराळी. शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते 1832 साली मांसात सापडलं. आपलं शरीरही रोज साधारण एक ग्रॅम बनवतं आणि बहुतेक सगळं स्नायूत साठवतं. त्याचं काम हातउसन्यासारखं. जोर लावताना स्नायूजवळची रोख शक्ती दोन-चार सेकंदांत संपते. तेव्हा क्रिएटिनचा साठा लगेच उसनवार देतो आणि आणखी एक-दोनदा वजन उचलता येतं. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं. साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला वाढणारं वजन बरंचसं स्नायूत धरलेलं पाणीच. आणि मेहनत केली नाही तर हे उसनं घ्यायचं तरी कशाला? सरांनी एवढं बजावलं, की मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्त तपासतानाही हे घेतो म्हणून सांगावं, कारण तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं.

व्युत्पत्ती बघायची आम्हाला खोड. क्रिएटिन हे नाव आलं ग्रीकमधल्या 'मांस' या अर्थाच्या शब्दावरून! आणि आमच्या घरात तर माळ. शेवटी आबांना फोन लावला. सांगायची होती भुकटीची गोष्ट. तोंडून निघाली अठराशे रुपयांची.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आबा म्हणाले, "म्हंजी त्या बाईनं तुला उधारीवर जेवू घातलं?"

"हो."

"आधी तिचं दे."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आन् त्या भुकटीत मांस न्हाय न्हवं?"

"नाही आबा. कारखान्यात रसायनांपासून करतात."

"मग घे. पर भाकरीच्या जागी न्हाय."

शनिवार-रविवार झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून मी मावशींचे पैसे फेडले. खोटं बोललो होतो, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. घरचे पैसे न आलेलं पोर असं ताठ मानेनं जेवत नाही." उरलेल्या पैशांतून क्रिएटिनची लहान पिशवी आणली. रोज एक छोटा चमचा, दोन वेळचं पोटभर जेवण आणि व्यायाम. चार महिन्यांत वजन 49 किलोवरून 52 वर गेलं. त्यातलं पाणी किती, भाकरी किती आणि भुकटी किती, हा हिशेब मी मांडत बसलो नाही. मित्र आता 'काना-मात्रा' म्हणतात, एवढी बढती मिळाली.

उन्हाळ्यात पुन्हा यार्डात गेलो. आबांची पाठ आता बरी आहे. पण त्या दिवशी मी त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि तात्यांच्या मागोमाग पोती वाहिली. तात्यांनी उभ्या जन्मात कुठल्याच डब्याचं झाकण उघडलेलं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. बाविसावं पोतं टाकून वळलो. आबांनी माझ्या दंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ते बोटांवर पोती मोजत होते.