मोठी खोली, मोकळी भिंत

सिरसाळ्यात घर वाढवले, तेव्हा झोपायची एक खोली चांगली पंधरा बाय अठराची निघाली. नातेवाईक म्हणाले, "आता सोफा घ्या, ड्रेसिंग टेबल घ्या." आम्ही दोघांनी ती खोली अम्मींना दिली. आजवर त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एकट्याच नमाज पढायच्या.

पश्चिमेची भिंत मोकळी सोडली. किब्ला आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. तिथे जानमाज आणि एक खुर्ची. अम्मींचे गुडघे आता सजद्याला वाकत नाहीत. शिवाय मे महिन्यात हीच भिंत दुपारनंतर तापते, तिला लागून पलंग नकोच. पलंगाची उशी उत्तरेला. उजव्या कुशीवर झोपणे सुन्नत, आणि तसे झोपले की तोंड किब्ल्याकडे होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उत्तरेला डोकं? आमच्यात नाही चालत गं." दोघी हसलो.

कपाट पूर्वेला. पलंगापासून दारापर्यंतची वाट रिकामी, कारण अम्मी तहज्जुदला अंधारात उठतात.

सोफ्याच्या जागी सतरंजी आहे. मगरिबनंतर मुले तिथेच दप्तर उघडतात, अम्मी ऐकत बसतात. भगिनींनो, सामान लावण्याआधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाची वाट मोजा.